बिनसाखरेचा गार चहा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. देवापुढे तर मुळीच नाही — का, ते पुढे कळेल.

सुरुवात मूर्खपणापासून करते, त्याला फारशी हिंमत लागत नाही. तर, एकदा मी स्वीटनरच्या गोळ्यांची अख्खी डबी चहात उकळली. ती डबी असते ना, बटण दाबलं की टप्पकन एक गोळी कपात पडते? मी तिचं बूडच उचकटलं आणि होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या पातेल्यात ओतल्या. वर खळखळून उकळी आणली, कारण पुण्याची बाई चहा उकळल्याशिवाय राहील का? गोडी वाफेबरोबर उडून गेली. उरलं ते काळं, कडवट पाणी, जिभेवर पत्रा ठेवल्यासारखं. ते मी मोठ्या तोऱ्यात उंच ग्लासात ओतलं, बर्फ घातला, काठाला लिंबाची चकती खोचली आणि बागेत बसलेल्या सासूबाईंच्या हातात दिलं.

त्यांनी एक घोट घेतला आणि शेजारच्या कुंडीत थुंकला.

"शी! मंजू, हे काय गंजलेल्या नळाचं पाणी आणलंस?"

हसा, खुशाल हसा. मीही हसते. अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी, एमएस्सी केमिस्ट्री, आणि डबीवर उकळू नका असं छापलेलं वाचत नाही! ती बाई आज समोर आली तर तिची फिरकी घ्यायला मला दिवस पुरणार नाही. पण तिनं दुसऱ्या दिवशी जे केलं — तिथं माझं हसू थांबतं. तिथं मला ओकारी येते.

आणि हे आज का सांगतेय? कारण परवा नात आली होती. आठ वर्षांची आहे. तिला माझा आइस्ड टी फार आवडतो असं तिच्या आईनं सांगितलं म्हणून मी हौसेनं करायला घेतला. ती ओट्याशी स्टूलवर उभी राहून बघत होती. म्हणाली, "आजी, तू साखर किती टाकला? इट्स अ होल माउंटन!" आणि मग डोळे मोठे करून, "हे पणजीआजी पण प्यायची?"

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. "हो," म्हटलं, "प्यायची."

एवढंच म्हटलं. बघितलंत? अजूनही एवढंच.

त्या वर्षीचा, म्हणजे दोन हजार सहाचा उन्हाळा इंग्लंडला शोभणारा नव्हता. मेडनहेडमध्ये सगळ्यांच्या बागा पिवळ्या पडल्या होत्या, होजपाइप बॅन लागलेला, म्हणजे नळीनं झाडांना पाणी घालायलाही बंदी, रूळ तापले म्हणून ट्रेन लेट. लेक ग्लासगोला शिकत होती. शिरीष, माझा नवरा, सकाळी रीडिंगला ऑफिसला जायचा तो संध्याकाळी भाजलेलं वांगं होऊन परत यायचा. आणि घरात दिवसभर आम्ही दोघी — मी आणि आई. आई म्हणजे शिरीषच्या आई, सहा महिन्यांच्या व्हिजावर पुण्याहून आलेल्या. 

आईंना डायबेटिस होता, बरीच वर्षं. पथ्याला अगदी पक्क्या. दिवाळीत घरभर लाडू वळतील आणि स्वतः बोट चाटणार नाहीत, अशी बाई. पण गोडाची आवड मेली नव्हती हो. कुणी काही गोड खात असलं की त्या बघायच्या नाहीत, खिडकीबाहेर बघायच्या. ते मला दिसायचं.

आणि दुसरी गोष्ट सांगायला हवी. आईंनी माझ्या स्वयंपाकाला कधी नावं ठेवली नाहीत. त्या म्हणायच्या, "चालेल." माझी लग्नानंतरची पहिली पुरणपोळी — चालेल. डोहाळजेवणाच्या वेळी मी हट्टानं स्वतः केलेली बासुंदी — चालेल. मेडनहेडमध्ये कुठून कुठून जमवून केलेलं अळूचं फदफदं, त्यासाठी साउथॉलच्या देशी बाजारापर्यंत गेले होते मी — तेही चालेल. पंचवीस वर्षं! तुम्हाला वाटेल, एवढ्याशा शब्दाचं काय एवढं? खरं आहे. पण कधीतरी तो ताटाच्या पलीकडून ऐकून बघा.

शेजारी डार्लीन राहायची. मूळची अमेरिकेच्या दक्षिणेकडची, जॉर्जियाची, लग्न करून इकडे आलेली. तिनं कुंपणावरून मला गार चहाचा जग दिला तो या उकाड्यातच. तिचा इंग्रज नवरा त्या जगाकडे असा बघायचा, जसं काही कुणीतरी चहा सिंकमध्ये ओतायचा विसरून गेलंय. तिनं मला शिकवलं — पाण्याला उकळी आली की गॅस बंद, मग टी-बॅग सोडायच्या, चिमूटभर खाण्याचा सोडा, म्हणजे कडवटपणा जातो आणि रंग काचेसारखा राहतो. टी-बॅग पिळायच्या नाहीत. (मी पिळायची. शेवटचा थेंब सोडेन तर पुण्याची कसली!) आणि साखर गरम असतानाच, वाटीनं, भरपूर. मग गार पाणी, फ्रिज, बर्फ. डार्लीन म्हणायची, पिताना दात शिवशिवले नाहीत तर समज साखर कमी पडली.

तर गोळ्यांचा तो पराक्रम झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी माझ्यापुरता खरा चहा केला, साखरेचा, वाटीवाटीनं. बागेत छत्रीखाली बसून पीत होते. आई समोर होत्या. खिडकीबाहेर बघता येईना, कारण आम्ही खिडकीबाहेरच होतो! शेवटी म्हणाल्या, "आज रंग बरा आलाय. मला दे की घोटभर."

आता इथं "आई, यात साखर आहे" एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. दूधवाल्याला सांगायलाही याहून जास्त लागतात. मी काय म्हटलं?

"घ्या ना. यात नवीन स्वीटनर आहे, डार्लीननं दिलंय. उकळलं तरी चालतं."

जीभ जराही अडखळली नाही. मला वाटलं, एकच ग्लास आहे, काय होतंय? एकदा चाखू देत बिचारीला. असं मी मनाशी म्हटलं — बिचारीला! किती उदार सून!

आईंनी घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मग त्या मंद हसल्या आणि म्हणाल्या, "वा, मंजू! काय झालाय!"

वा. मंजू. काय झालाय.

तुम्हाला खरं सांगू? त्या क्षणी मला पुढचं सगळं कळलं होतं. हा ग्लास शेवटचा नाही हेही कळलं होतं. आणि तरीही माझ्या छातीत जे काही फुललं — त्याची आज मला शिसारी येते. कारण ते प्रेम नव्हतं. ती लाच होती, आणि माझी वसुली झाली होती.

मग रोज. सकाळी जग भरायचा, दुपारी बागेत दोन ग्लास, कधी संध्याकाळी अर्धा. आई फोनवर पुण्याला सांगायच्या, "मंजू काय तो चहा करते! आणि साखर नाही हं त्यात." मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. जगाच्या बुडाशी पाकाचा चिकट थर असायचा, तो मी आई बाहेर असताना गरम पाण्यानं खरवडून काढायची. साखरेच्या पिशव्या मागच्या कपाटात, पिठाच्या डब्यामागे. चोराला जेवढी अक्कल असते तेवढी मलाही होती.

एका गोष्टीवर मात्र माझा ताबा नव्हता — गांधीलमाश्या. त्या वर्षी उच्छाद होता नुसता. आईंच्या ग्लासावर घोंघावायच्या, काठावर बसायच्या, एखादी आत बुडायची. आणि आई त्यांना पदरानं हाकलत म्हणायच्या, "मेल्या कशा गोडाच्या मागे लागल्यात! यांना काय ठाऊक, यात साखर नाही ते."

मी हसायचे. खरंच हसायचे, मोठ्यानं. डार्लीन कुंपणापलीकडून विचारायची काय झालं, तर तिलाही इंग्रजीत करून सांगायचे, अर्धंच. बागेतल्या गांधीलमाश्यांनाही जे कळत होतं ते त्या बाईला कळत नव्हतं, कारण तिला कीटकांपेक्षा सुनेवर जास्त विश्वास होता. यात हसण्यासारखं काय होतं?

मग मशीन बोलू लागलं. शिरीष दर रविवारी सकाळी आईंच्या बोटाला सुई टोचून साखर तपासायचा. पहिल्यांदा आकडा वाढला तेव्हा म्हणाला, हवा बदललीय. पुन्हा वाढला तेव्हा आकडा कागदावर लिहून ठेवला. तिसऱ्यांदा त्यानं मशीन टेबलावर आपटलं.

"आई, काय खातेस?"

"तुमच्यासमोर खाते तेच रे, शिरू. दुसरं काय खाणार?"

"मग हे कुठून येतंय?"

आता आईंच्या खडीसाखरेच्या डबीचं सांगायला हवं. टाळतेय मी, तुमच्या लक्षात आलं असेल. आई प्रवासातसुद्धा आपला छोटा बाळकृष्ण बरोबर आणायच्या, पितळेचा, अंगठ्याएवढा. आमच्या गेस्टरूममधल्या खिडकीच्या कट्ट्यावर तो बसायचा. त्याला रोज सकाळी नैवेद्य — खडीसाखरेचा एक खडा. दाखवायचा आणि परत डबीत. स्वतः खायच्या नाहीत. पुण्यात तो प्रसाद घरकामाच्या बाईंच्या मुलाला जायचा. इथं कुणी नव्हतं, म्हणून त्या साठवत होत्या — लेक ग्लासगोहून आली की तिला द्यायला.

शिरीष आईंच्या खोलीत गेला. मी त्याच्यामागे, हातात जग. आईंच्या पातळांच्या घडीखाली त्याला ती डबी सापडली. स्टीलची, गोल, झाकण घट्ट बसणारी. त्यानं उघडली. आत खडे.

"हे काय आहे, आई?"

"अरे, नैवेद्याची आहे ती. ठेव, ठेव. देवाची आहे."

"पातळाखाली? देवाची डबी पातळाखाली लपवून ठेवतात?"

"मुंग्या लागतील म्हणून ठेवली रे. एक खडा तोंडात घातला असेल तर याची शपथ —" आणि त्यांनी बाळकृष्णाकडे हात केला.

शिरीष तसा वाईट नाही हो. तो घाबरला होता. त्याचे वडील याच आजारानं गेले होते, आधी पाय गेला, मग सगळंच. म्हणून तो ओरडला. पण ओरडला ना! सत्त्याहत्तर वर्षांच्या आईवर, चोरून खाणाऱ्या पोरीवर ओरडावं तसा. "सगळं सोडून इथं आणलं तुला, ते असं करायला? कुणाला फसवतेयस?"

आईंनी माझ्याकडे बघितलं.

मदत मागायला बघितलं असेल. मी रोज दुपारी समोर बसायची ना? मला ठाऊक होतं त्या काय खातात ते. मी साक्षीदार होते. जग माझ्या हातात होता, गार, बाहेरून घाम सुटलेला, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. आत्ता, मला वाटलं. आत्ता सांग.

नुसती गप्प राहिले असते तरी एकवेळ भित्री म्हणून सुटले असते. मी गप्प राहिले नाही. मी बोलले. माझा आवाज मला अजून ऐकू येतो — मऊ, समजूतदार, एखाद्या नर्ससारखा —

"आई, खरं सांगून टाका ना. कुणी रागावणार नाही."

झालं. सांगितलं. हेच सांगायचं होतं.

आईंचा चेहरा — नाही, त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. ते करून लोकांकडून चार उसासे मिळवायचा हक्क मला नाही. त्यांनी पातळांची घडी पुन्हा नीट लावली, एवढं सांगते. शिरीष डबी खाली घेऊन गेला आणि खडीसाखर कचऱ्याच्या बिनमध्ये ओतली.

आणि मला काय वाटलं? तुम्ही विचारणार नाही, पण मी सांगते. मला भीती वाटली, लाजही वाटली, आणि त्या दोन्हींच्या खाली, अगदी तळाशी, जगातल्या त्या चिकट थरासारखं — थोडं बरं वाटलं. पंचवीस वर्षं ज्या बाईच्या नजरेतून माझी प्रत्येक पोळी पास व्हायची ती आज नापास झाली होती. असली घाण माझ्या आत होती. अजून असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहात साखर निम्मी केली. शपथ घेतली, रोज थोडी कमी करत जायचं, बंदच करायचं. आई एक घोट घेऊन म्हणाल्या, "आज तुझा हात बिघडलाय का गं?" वाटलं, पुढचा शब्द 'चालेल' येणार. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पूर्ण साखर घातली. एवढी किंमत होती माझ्या शपथेची.

आणि नैवेद्य? डबी तर गेली होती. मी कपड्यांची टोपली घेऊन त्यांच्या खोलीत गेले तेव्हा बघितलं — बाळकृष्णापुढे स्टीलची वाटी, वाटीत माझा गार चहा. आई माझ्याकडे वळून हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसल्या.

"म्हटलं, त्यालाही आता माझंच पथ्य. साखर नसली म्हणून काय झालं, गोड तर आहे. शिरूलाही चालेल."

मी टोपली घेऊन बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले. कळलं आता, देवापुढे का बोलत नाही ते? त्याला तर सगळ्यात आधी चव कळली असणार.

शिरीषनं पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला, मशीनचे आकडे सांगितले. डॉक्टर म्हणाले, वय झालं की लोक चोरून खातात, रागावू नका, आपण डायबेटिसची गोळी वाढवू. गोळी वाढली. तरी आकडा म्हणावा तसा उतरेना, तेव्हा आणखी वाढली. आई निमूटपणे घ्यायच्या. वरून माझा चहा घ्यायच्या.

सप्टेंबरअखेर त्या परत निघाल्या. हीथ्रोला व्हीलचेअरवर बसवल्यावर मला म्हणाल्या, "तो चहा कसा करायचा ते सांग गं. सुलभाला करायला लावीन." सुलभा म्हणजे माझी नणंद, त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहणारी.

काय सांगणार? स्वीटनरच्या गोळ्यांचा सांगितला असता तर त्यांनी पहिल्या घोटाला थुंकला असता. म्हटलं, "तिथं नाही जमणार, आई. इथल्या पाण्याचीच चव आहे ती." आमच्या किटलीत चुन्याचा थर साचतो, असलं ते पाणी! आईंनी मान डोलावली. मोठं नवल वाटलं त्यांना पाण्याचं.

आणि तिथेच, ट्रॉलीला टेकून उभी असताना, माझ्या डोक्यात लख्ख आलं — गोळी वाढलेली आहे. चहा बंद होणार. मग वाढलेली गोळी कशाशी लढणार? केमिस्ट्री कुठं गेली नव्हती माझी. नुसतं म्हणायचं होतं, "पुण्यात गेल्या गेल्या डॉक्टरांना गोळी कमी करायला सांगा." पण शिरीष शेजारीच होता. त्यानं विचारलं असतं, का?

त्या एका 'का'ला मी घाबरले. व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसामागून हात हलवत राहिले. घरी येऊन जग घासून वरच्या फळीवर ठेवला.

आठवडाही झाला नसेल. सुलभाचा फोन आला — आई बाथरूममध्ये पडल्या. घाम फुटलेला, बोलणं बरळल्यासारखं, साखर पार खाली गेलेली. दार फोडायला लागलं. मनगट मोडलं, कपाळाला टाके. डॉक्टरांनी गोळी कमी केली आहे, आता धोका नाही, असं सुलभा म्हणाली. शिरीष डोकं धरून बसला. "बघ, तिथं नीट पथ्य पाळलं आणि हे झालं," म्हणाला. त्याला वाटलं, इथे चोरून खायची, तिथे सुधारली. आजही त्याला तसंच वाटतं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि त्यांचा मुलगा अजून त्यांचा विषय निघाला की प्रेमानं हसून म्हणतो, "आमची आई खडीसाखरेची चोर."

मी त्याला अडवत नाही.

आई घरी आल्यावर मी फोन लावला. कॉलिंग कार्डावरचा नंबर तीनदा चुकला. ठरवलं होतं, आज सांगायचं. "आई" म्हटलं आणि मला रडू फुटलं, पुढे शब्दच येईना. पलीकडे आईंना वाटलं, सून आपल्या काळजीनं रडतेय. त्यांचा आवाज थकलेला होता, पण खुशीत होता. त्या म्हणाल्या —

"अगं वेडे, रडतेस काय? हाडच मोडलंय, जुळेल. इथले डॉक्टर म्हणतात, आजी, साखर एवढी उतरली कशी? मी म्हटलं, उतरेल नाही तर काय, माझ्या सुनेचा चहा बंद झाला ना! बिनसाखरेचा, पण काय ताकद होती त्यात. खरंच गं मंजू, काय घालत होतीस त्यात?"